दगड बांधलेला भोपळा

मित्रांनो, भोपळा म्हटले की तुम्हाला एक तर भाजी आठवते, नाही तर उत्तरपत्रिकेवरचे शून्य. मी त्या दोन्हींतला नाही. मी कोरियातल्या जेजू बेटावरच्या दुसेंग नावाच्या बाईच्या दगडी कुंपणावर पिकलेला, समुद्रासाठी निवडलेला भोपळा आहे. आमच्याकडे मला ‘तेवाक’ म्हणतात. वय झाले आहे माझे. साल काळपट पडली आहे आणि तिच्यात मुरलेले मीठ अजून पुरते निघालेले नाही. पण आठवणी शाबूत आहेत.

आमच्या किनाऱ्यावर समुद्राच्या तळाशी जातात त्या बायका. पुरुष होड्या घेऊन दूरच्या पाण्यात मासेमारीला जातात, महिना महिना येत नाहीत. बायका मात्र एका श्वासावर खाली जातात आणि शंख, शिंपले, शेवाळ घेऊन वर येतात. वर आल्या की कोंडलेला श्वास ओठांतून सोडतात. त्याची बारीक शीळ होते. प्रत्येकीची शीळ निराळी. त्या वेळी त्यांना छाती टेकायला काहीतरी लागते. ते काहीतरी म्हणजे मी. माझ्या पोटाखाली जाळे लोंबते, त्यात मिळालेले सारे जाते. आणि मी वाहून जाऊ नये म्हणून एका लांब दोराला दगड बांधून तो तळाशी सोडतात. भोपळा, जाळे आणि दगड, एवढाच आमचा संसार. पण या तिघांचे एकमेकांशी जमले नाही तर काय होते, ते मी पाहिले आहे.

माझा जन्म डुकरांच्या खोपीमागच्या कुंपणावर झाला. त्या वर्षी आमच्या वेलाला तीन फळे धरली होती. दुसेंग रोज समुद्रावरून परतताना ओल्या हाताने आमच्यावर नख दाबून पाहायची. नख रुतले की काही न बोलता पुढे जायची. पानगळीत वेल वाळला आणि एके दिवशी तिचे नख माझ्या सालीवरून घसरले.

“झाला तयार,” ती म्हणाली.

तिच्यामागे तिची नवी सून ओकरान उभी होती. ओकरान डोंगराकडची. तिचे गाव काही वर्षांपूर्वी जाळले गेले होते आणि वाचलेली माणसे किनाऱ्यावर येऊन राहिली होती. त्याबद्दल कोणी मोठ्याने बोलत नसे. डोंगरावर तिने राळे पेरले होते, घोडे राखले होते. समुद्र तिने लांबून, आभाळाच्या कडेला पाहिला होता.

“तुझ्यासाठी एक निवडायचाय,” दुसेंग म्हणाली. “कुठला घेशील?”

ओकरानने सर्वांत मोठ्या भावाकडे बोट दाखवले. “तो. मोठा आहे, जास्त तरंगेल.”

“तरंगेल ना! तरंगत तरंगत थेट जपानला जाईल. वारा त्याच्या पाठीवर बसेल आणि तू मागून पोहत राहशील.”

“मग हा लहान?”

“हा तुला सांभाळेल, का तू त्याला? जाळं भरलं की आधी हाच बुडायचा.”

मग तिने मला उचलले. मी कुंपणाच्या दगडावर पडून वाढलो होतो, त्यामुळे माझा एक गाल बसका झाला होता. आमच्या वेलावर मीच बेढब होतो. दुसेंगने तो गाल थोपटला.

“हा घे. चपट्या गालाचा आहे म्हणून दुसरी कुणी टाकून देईल. पण दमलेल्या छातीला असाच लागतो. डोलत नाही.”

अशी माझी निवड झाली. देठाजवळ बोटभर भोक पाडून माझ्या पोटात पाणी भरले. आतला गर कुजला, मग बियांसकट तो झटकून काढला. चुलीवरच्या धुरात मला टांगून वाळवले, भोकात लाकडी बूच मारले आणि वर देवदाराचा चीक लावला. सगळ्या अंगाला दोरीची जाळी विणली. एवढे करूनही दुसेंगचे समाधान झाले नाही. तिने मला खाडीतल्या उथळ पाण्यात नेले आणि माझ्या जाळ्यात ओले गोटे भरले.

“आता याच्यावर पड,” ती सुनेला म्हणाली. “अशी नव्हे. मेल्यासारखी पड. सगळं अंग सोड.”

“गोटे कशाला, आई?”

“रिकाम्या जाळ्यानं भोपळा पारखत नाहीत, पोरी. रिकामं जाळं घेऊन सगळेच तरंगतात.”

ओकरानने अंग सोडले. मी गळ्यापर्यंत पाण्यात गेलो, थांबलो आणि तिला धरून राहिलो. मित्रांनो, त्या क्षणी मला किती अभिमान वाटला म्हणून सांगू!

दगड मात्र दुसेंगने सुनेला निवडू दिला नाही. आमच्या बेटावरचे बहुतेक दगड काळे आणि भोकाभोकांचे. दिसायला दांडगे, पण पाण्यात त्यांचे वजन कुठच्या कुठे जाते. “हा दगड नव्हे, वाळलेला फेस,” असे म्हणत तिने एकेक फेकून दिला आणि शेवटी एक करडा, घट्ट, भलताच जड धोंडा आणून माझ्या दोराला बांधला. त्याचे ओझे मी सहज पेलले. ओढायचा होता तो ओकरानला.

पुढची काही वर्षे शिकण्याची गेली. सुरुवातीला ओकरान माझ्याभोवती बदकासारखी पाय झाडायची आणि खाली जाण्याऐवजी वरच यायची. शेकोटीजवळ बसलेल्या बायका हसायच्या. किनाऱ्यावर दगडांचे गोल कडे रचून त्यात आमच्या बायका शेकोटी करतात. कपडे तेथेच बदलतात, भांडणे तेथेच होतात आणि मिटतातही तेथेच. धूर जिकडे जात नाही तिकडची जागा सर्वांत पटाईत बाईची. तेव्हा ती जागा गांग मावशीची होती. गांग मावशी अंगाने आडवी, जिभेने तिखट.

“अगं दुसेंग,” ती ओरडायची, “तुझ्या सुनेला सांग, समुद्र खाली आहे! ती आभाळात काय शोधतेय?”

पण डोंगरावरच्या पोरीची छाती चांगली होती. हळूहळू ती खाली जाऊ लागली, मग खोल, मग आणखी खोल. तिची शीळ मी दहा शिळांतून ओळखू लागलो. आधी जरा अडखळणारी, मग सरळ वर चढणारी. ती वर यायची, माझ्या बसक्या गालावर गाल टेकायची आणि डोळे मिटायची. मी कधी समुद्राचा तळ पाहिला नाही. तळाची सगळी माहिती मला तिच्या श्वासातूनच मिळायची. आज बरे मिळाले, आज भीती वाटली, आज खाली पाणी फार गार होते, हे मला न सांगता कळे.

कुरकुर होती ती दगडाची. एका जागचे शिंपले संपले की दगड वर ओढायचा, जाळ्यावर ठेवायचा, पोहत पुढे जायचे, पुन्हा सोडायचा. इतर बायका दोन हातांत दोर गोळा करून चटकन निघून जायच्या. ओकरान मागे राहायची.

“ओकरानचा धोंडा म्हणजे अगदी तिची सासू!” गांग मावशी म्हणायची. “एकदा बसली की हलायचं नाव नाही!”

सगळ्या हसायच्या. दुसेंग हसत नसे.

मग एका वसंतात ओकरानने कोणाला न सांगता दगड बदलला. दुसरा चांगला हलका होता. मला प्रथम मोकळे मोकळे वाटले. तिलाही वाटले असणार, कारण त्या सकाळी तिचे जाळे लवकर भरले. पण दुपारी ओहोटी लागली, तसा दगड तळावर घसटत चालला आणि त्याच्यामागून मी. ओकरान वर आली तेव्हा मी तिच्यापासून बराच लांब होतो. तिला पोहत यावे लागले. पलीकडे उथळ पाण्यात शेवाळ कापत असलेल्या दुसेंगने ते पाहिले होते.

शेकोटीजवळ येताच तिने माझा दोर हातात घेतला.

“दगड कुठाय?”

“आहे की.”

“हा? असले दगड पोरं खेळायला घेतात.”

“आई, त्या धोंड्यानं माझा खांदा निखळतो,” ओकरान म्हणाली. तिचे ओठ थंडीने निळे पडले होते. “दिवसभर तोच ओढत बसू, की काही काढू? बाकीच्या चार जागा बदलतात तोवर माझी एक होते. मग संध्याकाळी जाळं अर्धं.”

“अर्धं चालेल.”

“तुम्हाला चालेल! तुमच्या मुलीच्या गळ्यातही असाच धोंडा बांधला होता का?”

दुसेंगला एक मुलगी होती आणि ती तरुणपणी गेली, एवढेच ओकरानला ठाऊक होते. त्यापुढचे तिला कोणी सांगितले नव्हते. दुसेंगने माझा दोर खाली ठेवला. कपडेही न बदलता, ओल्या अंगाने ती घराच्या वाटेला लागली.

“तिला माहीत नाही गं,” कोणीतरी पुटपुटले.

“मग आता कळू दे,” गांग मावशी म्हणाली. काठीने तिने विस्तव सारखा केला. मग बोलू लागली, आणि तिच्या आवाजात नेहमीचा तिखटपणा नव्हता.

“मालसिम तिचं नाव. माझ्याच बरोबर पाण्यात उतरायची. पोटात बाळ होतं, पोट चांगलं दिसायला लागलं होतं. पण आम्ही काय, दिवस भरेपर्यंत पाण्यात जाणाऱ्या. जड दगड ओढवत नव्हता, म्हणून तिनं हलका बांधला. दुसेंगनं पाहिलं. म्हणाली, असू दे, आजचा दिवस.” तिने एक लाकूड विस्तवात सारले. “दुपारी ओहोटीचं पाणी सुटलं. मालसिम वर आली नाही. आम्ही साऱ्याजणी तिच्या भोपळ्याखाली बुड्या मारत होतो. वर यायचं, श्वास घ्यायचा, पुन्हा खाली. दुसेंग तर श्वास घ्यायलाही थांबत नव्हती. भोपळा समोर होता ना, मग पोर त्याच्याच खाली असणार! पण तो भोपळा वाहत कुठल्या कुठे आला होता. आम्ही रिकाम्या पाण्यात शोधत होतो गं. आणि ती पलीकडे, तिथंच, जिथं बुडी मारली होती तिथं...”

ओकरानने माझ्या दोराला बांधलेला हलका दगड सोडला आणि हातात धरून बसून राहिली. तो फेकून देण्याचेही तिला सुचले नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर ती मला घेऊन एकटीच किनाऱ्यावर गेली. वाकून दगड उचलायचे, हातात जोखायचे, ठेवायचे असे तिचे चालले होते. थोड्या वेळाने दुसेंग आली. क्षमेची गोष्ट कोणी काढली नाही. आमच्या गावात ती पद्धतच नाही. दुसेंगही वाकली आणि दगड पाहू लागली.

“माझंही चुकत होतं,” दगड जोखता जोखता ती म्हणाली. “तो धोंडा माझ्या भीतीच्या मापाचा होता, तुझ्या मापाचा नव्हता.”

“मग माझं माप कसं कळायचं?”

“आधी समुद्राला विचारायचं, मग हाताला. ओहोटीच्या तोंडाशी दगड सोडून बघ. भोपळा हलला नाही, तर समुद्राचा होकार. मग दिवसभर काम कर आणि दमल्यावर तोच दगड एका हातानं वर ओढून बघ. सकाळच्या हाताचं ऐकू नकोस, तो बढाईखोर असतो.”

“आणि समुद्र हो म्हणाला, पण हात नाही म्हणाला तर?”

दुसेंगने तिच्याकडे पाहिले. “तर त्या दिवशी घरी बसायचं. चूल असते, शेत असतं, झोप असते. पाण्यात जायचंच नाही.”

त्या दिवशी त्यांना एक दगड सापडला. करडा, घट्ट, आणि मधोमध बारीक.

“याला कंबर आहे, आई,” ओकरान म्हणाली.

“मग दोर सुटणार नाही.” दुसेंगने त्याला हातात फिरवले आणि पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर हसू आले. “आपल्या गांगला दाखवू नकोस. तिला जन्मात अशी नव्हती.”

ओहोटीच्या तोंडाशी त्याने मला धरून ठेवले. संध्याकाळी ओकरानने त्याला एका हाताने ओढले. दात ओठ खाऊन ओढले, पण ओढले. त्या दिवसापासून तो माझा जोडीदार झाला. आम्हा दोघांची भेट फक्त जागा बदलताना, जाळ्यावर. तो तळाच्या अंधारातून यायचा, मी उन्हातून. पण दोरातून मला तो सतत जाणवत असे.

मित्रांनो, आता मी तुम्हाला त्या दिवसाचे सांगतो. शेवाळ कापणीचा मोसम होता. सारे गाव पाण्यात उतरले होते. वयामुळे दुसेंग आता उथळ पाण्यातच राहायची. हातात विळा, डोक्याला पांढरे फडके. ओकरान खोल पाण्यात, कड्याजवळ होती. तोवर शेकोटीजवळची बिनधुराची जागा अर्धी तिची झाली होती. गांग मावशी तिला सरकून जागा द्यायची, आणि वर टोमणाही.

ओकरानने दगड सोडला. ती खाली गेली, वर आली, शीळ घातली. तिच्या श्वासातून मला कळले, तिला काहीतरी मोठे दिसले आहे. ती थांबली नाही. नेहमी घेते तेवढी विश्रांतीही तिने घेतली नाही. माझ्यावरचा हात काढला आणि पुन्हा खाली गेली.

मग काही झाले नाही.

मला मोजता येत नाही. पण तिच्या श्वासाची लांबी मला पाठ होती. ती सरली. त्यापुढेही पाणी तसेच शांत राहिले. मला हाक मारता येत नव्हती. तरंगणाऱ्याला तरंगण्यापलीकडे काय येते? ओहोटी लागली होती, पाणी मला ओढत होते आणि खालून दगडाने मला घट्ट धरले होते. दोर ताणून सुतासारखा सरळ झाला होता. मी जागा सोडली नाही. त्या दिवशी माझ्या हातून झाले ते एवढेच.

दुसेंगला एक सवय होती. शेवाळाची दर पेंढी जाळ्यात टाकली की ती मान वर करून माझ्याकडे पाही. सुनेकडे नव्हे, माझ्याकडे. कारण सून दिसो न दिसो, मी दिसत असे. तिने पाहिले. माझ्याजवळ डोके नव्हते. तिने पेंढी हातातच धरून ठेवली आणि पाहत राहिली. तरी डोके आले नाही.

“गांग!” ती किंचाळली. “भोपळा एकटा आहे!”

आणि ती निघाली. उथळ पाण्यातली म्हातारी अशी पोहताना मी पुन्हा कधी पाहिली नाही. माझ्याजवळ येऊन ती इकडेतिकडे शोधत बसली नाही. तिने एक श्वास घेतला, माझा दोर पकडला आणि दोराला हाताने खेचत सरळ खाली गेली. जेथे जाणे तिने केव्हाच सोडून दिले होते, तेवढे खोल.

खाली काय झाले ते मी नंतर शेकोटीजवळ ऐकले. एका कपारीत मोठा ॲबलोन होता. वाटीसारखा एकच शिंपला पाठीवर घेऊन हा जीव खडकाला चिकटून बसतो. त्याला कळायच्या आत लोखंडी पट्टी खाली सारून उचकटायचे असते. एकदा त्याला चाहूल लागली की तो असा घट्ट बसतो की पट्टी निघत नाही. ओकरान दमलेली होती. घाव हुकला. पट्टीला हातात राहण्यासाठी दोरीचा फास असतो; निसटू नये म्हणून तिने तो मनगटाला दुहेरी गुंडाळला होता. ॲबलोनने पट्टी धरली आणि पट्टीने तिला. दगड पडला होता तेथून ती हातभरावरच होती.

दुसेंगच्या हातात विळा होता. तिने फास कापला.

दोघी वर आल्या तेव्हा गांग मावशी पोहोचलीच होती. त्यांनी ओकरानला माझ्यावर पालथे घातले. तिचा गाल माझ्या बसक्या गालावर पडला, आणि तो गार होता. गांग मावशी तिच्या पाठीत मुठी मारत होती आणि रडत होती आणि शिव्या देत होती. “श्वास घे, मेले! घे म्हणते ना! डोंगरावरून इथं मरायला आलीस का?” पाणी बाहेर आले. पुष्कळ पाणी. मग ओकरानच्या छातीत काहीतरी अडखळले आणि तिचा श्वास माझ्या सालीवर लागला. मित्रांनो, त्या उबेची आठवण मला आजही आहे.

किनाऱ्यावर आणल्यावर तिने डोळे उघडले. दुसेंग शेजारी बसली होती. तिच्या उजव्या कानातून रक्ताची बारीक धार येत होती आणि ती पुसायचे तिच्या लक्षात नव्हते.

“आणि ॲबलोन?” गांग मावशीने डोळे पुसत विचारले. “केवढा होता?”

“आहे तिथंच,” दुसेंग म्हणाली. “पट्टीपण त्याच्याकडेच राहिली.”

“बरं झालं. आता तोच मारू दे बुड्या.”

तेव्हा सगळ्या हसल्या आणि लगेच सगळ्या रडल्या.

खोल पाण्याच्या दाबाने दुसेंगचा तो कान गेला. फाटलेल्या कानाने पाण्यात जाता येत नाही. तिने विळा खुंटीला अडकवला तो कायमचा. ओकरान बरी झाली, पण बरेच दिवस समुद्राकडे पाठ करून शेतात राबत होती. मग एके सकाळी तिने मला उचलले, दगड ओढून पाहिला आणि ती पाण्यात गेली. आणखी पुष्कळ वर्षे आम्ही तिघांनी एकत्र काम केले. ती वर येऊन मला टेकली की आता जरा जास्त वेळ टेकत असे. श्वास पुरता भरल्याशिवाय खाली जात नसे. अर्ध्या जाळ्याने परतायची तिला लाज वाटत नसे.

पुढे काळ बदलला. मुख्य भूमीवरून पांढऱ्या फेसासारख्या कृत्रिम पदार्थाचे ठोकळे आले. आपटले तर फुटत नाहीत, पाणी पीत नाहीत, वर केशरी कापड शिवले की कोसभरावरून दिसतात. खोटे कशाला बोलू? ते माझ्यापेक्षा चांगले होते. ओकरानने सर्वांत शेवटी घेतला. तोही तिने भरल्या जाळ्याने पारखला. तो पाण्यावर माझ्याहून उंच बसे, वारा त्याला जास्त लागे. म्हणून त्याच्यासाठी वेगळा, थोडा जड दगड शोधला. आमचा कंबर असलेला दगड तिने दारात ठेवला. लोणच्याच्या बरणीचे झाकण दाबण्याचे काम त्याला मिळाले.

मला माळ्याला टांगले. मित्रांनो, भोपळ्याला काम नसले की तो तडकतो. ज्याने आयुष्यभर पाणी सोसले, त्याला कोरडेपणा सोसत नाही. सुरुवातीला ओकरान येता-जाता माझ्यावर हात ठेवायची, मग धूळ बसू लागली, मग कोळ्याने जाळे विणले. तेही जाळेच, पण त्यात काही पडत नसे. एका हिवाळ्यात माझ्या पाठीवर उभी चीर गेली. आता मला चुलीत घालतील, असे मला वाटले.

ओकरानने मला खाली काढले. चीर बोटाने चाचपली. मग ती करवत घेऊन आली आणि त्या चिरेवरूनच तिने मला दोन भागांत कापले. आतून खरवडले, उकळत्या पाण्यात बुडवले, उन्हात वाळवले. एक अर्धा डुकरांना खाणे घालायला गेला. त्यात कमीपणा काही नाही. दुसरा अर्धा, बसक्या गालाचा, तो मी. मी पाणी घ्यायचे भांडे झालो.

माझे काम रोज दुपार उलटल्यावर सुरू होई. दुसेंग कुंपणाजवळ बसून समुद्राकडे पाहत असे. केशरी ठिपके किनाऱ्याकडे वळू लागले की ती उठायची, अंगणातल्या कढईखाली जाळ घालायची आणि गोडे पाणी तापवायची. ओकरान दारात यायची, केस मिठाने ताठ, हात सुरकुतलेले. दुसेंग तिला खाली बसवायची, मला कढईत बुडवायची आणि ते ऊन पाणी सुनेच्या पाठीवर सोडायची. खांद्यावरून, मानेवरून, हळूहळू. जाळे बाजूला पडलेले असे. त्यात काय आहे हे तिने कधी वाकून पाहिल्याचे मला आठवत नाही.

“आज पाणी कसं होतं?” ती मोठ्याने विचारायची, कारण तिला आता स्वतःचा आवाजही कमी ऐकू येई.

“गार होतं, आई.”

“काय?”

“गार!”

“मग आणखी घे,” असे म्हणून ती मला पुन्हा बुडवायची.

एके दिवशी ओकरान आली तेव्हा कढई थंड होती. दुसेंग उंबऱ्याशी बसली होती. तिला उठवत नव्हते. “आज लाकडं जड झाली गं,” ती म्हणाली. ओल्या कपड्यांनी ओकरानने चूल पेटवली, पाणी तापवले, हात घालून पाहिले, त्यात थोडे गार घातले. मग सासूचा सदरा उतरवून तिने मला भरून घेतले आणि त्या वाळलेल्या, लहानशा पाठीवर ओतले. एवढ्या वर्षांत त्या पाठीवर कोणी पाणी घातल्याचे मी पाहिले नव्हते.

“अगं, मी कुठं समुद्रावर गेले होते?” म्हातारी म्हणाली.

“गप्प बसा,” ओकरान म्हणाली आणि तिने मला पुन्हा भरले.

मित्रांनो, तुमच्याही घरी कोणीतरी रोज बाहेरून दमून येत असेल, आणि कोणीतरी त्याची वाट पाहून दमत असेल. दोघांनाही आधी घोटभर पाणी द्या, जरा टेकू द्या. काय आणले, किती आणले, हे मागाहून विचारले तरी चालते.